बांधकामाच्या फोटोत ‘आधी’ कुठे असतं?

पेट झाली, गाईड मिळाले, आणि सिनॉप्सिसमध्ये तुम्ही ‘बदलता भूप्रदेश’ असे दोन शब्द लिहिलेत, की पुढचा प्रश्न ठरलेला असतो: पुरावा काय वापरणार? बरेच जण ‘जुने फोटो’ असं लिहून मोकळे होतात. शहापूर-मुरबाडवर काम करणाऱ्यांना तर हे फारच सोपं वाटतं. इथे दीडशे वर्षं काही ना काही बांधलं जातंय, आणि जिथे मोठं बांधकाम तिथे आज ना उद्या कॅमेरा पोचतोच. मग ‘आधी’चा एक फोटो घ्यायचा, ‘नंतर’चा एक घ्यायचा, शेजारी शेजारी लावायचे, झालं प्रकरण तयार.

अडचण अशी की ‘आधी’चा फोटो जवळजवळ कधीच नसतो. जो आपण ‘आधी’चा म्हणून वापरतो तो बहुतेक वेळा कामाच्या पहिल्या दिवसाचा असतो. म्हणजे मोजणी होऊन गेलेली, झाडं तुटलेली, खुंट्या ठोकलेल्या. हा फरक शोधनिबंधात का महत्त्वाचा आहे, आणि शोधनिबंधाबाहेर, म्हणजे जमिनीच्या पैशांच्या बाबतीत, का महत्त्वाचा आहे, ते या लेखात सांगतो.

आधी प्रदेश डोळ्यांसमोर आणा. कसारा घाटातून रेल्वे इगतपुरीला पोचली ती १८६५ साली. तानसा धरण १८९२ मध्ये पुरं झालं, उद्घाटनाला व्हाइसरॉय लॉर्ड लॅन्सडाउन आले होते. दगडी बांधकामाची सुमारे पावणेतीन किलोमीटर लांब भिंत, आणि पाणी मुंबईला. १९५० च्या दशकात वैतरणेवर मोडकसागर, नंतर शहापूर तालुक्यातच भातसा. चोंढे इथे घाटघर जलविद्युत प्रकल्पाचं खालचं धरण, ज्याचं वरचं धरण सह्याद्रीच्या माथ्यावर अकोले तालुक्यात आहे. मुरबाडकडे बारवी धरण, त्याची टप्प्याटप्प्यानं वाढवलेली उंची, एमआयडीसी, माळशेजचा रस्ता. आणि आता समृद्धी महामार्ग. नागपूरहून निघालेला ७०१ किलोमीटरचा हा रस्ता शेवटच्या ७६ किलोमीटरच्या टप्प्यात, इगतपुरी ते आमणे, शहापूर तालुक्यातून खाली उतरतो. हा टप्पा ५ जून २०२५ ला खुला झाला. या यादीत जवळपास सगळ्या गोष्टी दुसऱ्या कुणासाठी तरी बांधलेल्या आहेत. शहराचा भूप्रदेश शहराच्या हद्दीत संपत नाही. मुंबईचा नळ हा शहापूरच्या भूगोलाचा भाग आहे, आणि त्याच शहापूरच्या कित्येक पाड्यांवर एप्रिल-मेमध्ये टँकर येतो. हे वाक्य वर्तमानपत्रात इतक्या वेळा येऊन गेलंय की आपल्याला त्याचं काही वाटेनासं झालंय, पण संशोधकाला वाटायला पाहिजे.

आता कॅमेऱ्याकडे. बांधकामाचा फोटो काढायची पद्धत फोटोग्राफीच्या जन्मानंतर लगेच सुरू झाली. लंडनमधला क्रिस्टल पॅलेस १८५२ ते १८५४ या काळात सिडनहॅमला नव्यानं उभारला जात होता, तेव्हा फिलिप हेन्री डेलामोट या छायाचित्रकारानं कामाची प्रगती टप्प्याटप्प्यानं टिपली. हौस म्हणून नव्हे, ते त्याला दिलेलं काम होतं. पैसे घालणारी माणसं एका जागी, काम दुसऱ्या जागी, आणि मधल्या अविश्वासावर उपाय म्हणून फोटो. आपल्याकडे हे अंतर कितीतरी मोठं होतं. भोर घाटाच्या रेल्वेचे भागधारक आणि संचालक लंडनमध्ये, काम खंडाळ्यात. तिथलं कंत्राट घेतलेला सॉलोमन ट्रेडवेल १८५९ मध्ये हिंदुस्थानात येताच वारला आणि काम त्याच्या बायकोनं, ॲलिसनं, आपल्या नावावर घेऊन पुरं करवलं. भोर घाटाच्या कामाचे फोटो तिच्या नावाशी जोडले जातात. घाट १८६३ मध्ये खुला झाला.

हे लांबचं उदाहरण घेतलं ते एवढ्यासाठी, की फोटोमागचा हिशेब तुमच्या लक्षात यावा. आजही सरकारी कामावर जा. ज्युनिअर इंजिनिअर एमबीत, म्हणजे मोजमाप पुस्तिकेत, मापं लिहितो. त्यावर रनिंग बिल निघतं. आणि फाइलीला फोटो जोडलेले असतात. फोटोचं काम काय, तर इतकं काम झालं, आता इतके पैसे सोडा. दीडशे वर्षांत कॅमेरा बदलला, फोटोचा हेतू तोच आहे. म्हणून बांधकामाचा कुठलाही फोटो हाती आला की ‘यात काय दिसतंय’ हा प्रश्न दुसरा. पहिला प्रश्न: हा फोटो कोणाला दाखवायचा होता, आणि तो बघून त्यानं काय करावं अशी अपेक्षा होती?

हे एकदा विचारलं की चौकटीतल्या बाकीच्या गोष्टी आपोआप सुटायला लागतात. उदाहरणार्थ, कॅमेरा कुठे उभा आहे? धरणाचा फोटो घ्या. तो बहुतेक वेळा भिंतीच्या खालच्या अंगानं, किंवा शेजारच्या टेकडीवरून, भिंत पूर्ण मावेल असा घेतलेला असतो. पाठीमागच्या अंगानं, म्हणजे जिथे पाणी चढणार आहे आणि जिथे गाव आहे, तिथे उभं राहून भिंतीकडे बघत काढलेला फोटो शोधून बघा. सापडला तर जपून ठेवा, कारण तो बिलासाठी काढलेला नसणार. घाटाचे, पुलांचे फोटोही तसेच, कामाची उंची आणि लांबी भरेल अशा जागेवरून. बघणाऱ्याला कामाचा आवाका पटला पाहिजे.

आणि माणसं? माणसं असतात, पण मापासाठी. खांब किती उंच हे कळावं म्हणून एक जण पायथ्याशी उभा केलेला असतो. भोर घाटाच्या कामावर १८६१ च्या सुमाराला एका वेळी चाळीस हजारांहून जास्त मजूर होते, असं रेल्वे उभारणीच्या इतिहासकारांनी नोंदवलंय. इयन कर यांचं ‘बिल्डिंग द रेल्वेज ऑफ द राज’ हे १९९५ सालचं पुस्तक या बाबतीत आधी वाचायला हवं. त्या चाळीस हजारांपैकी फोटोत किती जणांचे चेहरे ओळखू येतात? ही निव्वळ तंत्राची अडचण नव्हती. प्लेटला जास्त वेळ उजेड लागायचा आणि हललेला माणूस धूसर यायचा हे खरंच. पण आज मोबाइलवर क्षणात फोटो येतो, तरी कामाच्या अहवालातला मजूर अजून हेल्मेट आणि पिवळ्या जाकिटापुरताच असतो.

तो मजूर चौकटीच्या मधोमध कधी येतो, तर अपघात झाल्यावर. ३१ जुलै २०२३ च्या रात्री शहापूर तालुक्यातल्या सरळांबे इथे समृद्धीच्या पुलाचं काम चालू असताना गर्डर चढवणारं यंत्र कोसळलं आणि २० जणांचा जीव गेला. त्यातले बरेच परराज्यांतून आलेले होते. दुसऱ्या दिवशी सगळ्या वर्तमानपत्रांत फोटो होते. ज्या जागेचे फोटो तोवर महिन्याच्या प्रगतीचे फोटो म्हणून निघत होते, त्याच जागेचे. तुम्ही या महामार्गाचा दृश्य-इतिहास लिहायला घेतलात तर तुमच्यासमोर दोन गठ्ठे येतील. एकात कामाची प्रगती, त्यात माणसं नाहीत. दुसऱ्यात अपघात, त्यात माणसं आहेत, पण फक्त त्या एका रात्रीची. रोज सकाळी आठ वाजता डबा घेऊन कामावर चढणारा माणूस दोन्हींत नाही. त्याची वस्ती, पत्र्याच्या खोल्या, पाण्याची टाकी, गावातल्या किराणा दुकानातली उधारी, हे कुणी टिपलं असेल तर त्यानं स्वतःच, स्वतःच्या मोबाइलवर, घरी पाठवायला.

आता मी माझ्या मते सगळ्यात महत्त्वाच्या मुद्द्यावर येतो, आणि तो जरा सावकाश वाचा. बांधकामाच्या फोटोला ऋतू असतो.

ठाणे जिल्ह्यात पावसाळ्यात मातीकाम, पाया, काँक्रीट जवळजवळ थांबतं. कामं दिवाळीनंतर सुरू होतात आणि मेअखेर जोरात असतात. मोजणीही साधारण तेव्हाच, कारण भातात पाणी असताना बांधावरून टेप ओढणं कठीण. म्हणजे कामाचे फोटो बहुतांश कोरड्या महिन्यांतले असतात. आता फेब्रुवारी ते मे या काळात शहापूर किंवा मुरबाडचा माळ कसा दिसतो ते आठवा. भात कापून झालेलं, खाचरं भेगाळलेली. सागाची पानं गळलेली. गवत पिवळं किंवा जळलेलं. जमीन तांबूस-करडी, मधे मधे कातळ. अशा वेळी काढलेल्या कुठल्याही फोटोत ही जमीन ओसाड दिसणारच. तोच कॅमेरा त्याच जागी जुलैच्या अखेरीला लावा. खाचरात लावणी चाललेली असेल, बांधावर माणसं, उतारावर नाचणी-वरी, ओढ्यात मुठ्या-खेकडे पकडणारी पोरं, कुर्डू-टाकळ्याची भाजी खुडणाऱ्या बाया. दोन्ही फोटो खरे. पण सरकारी फाइलीत त्यातला एकच असतो.

त्या कोरड्या फोटोतही काही गोष्टी दिसत असतात, फक्त त्या वाचता यायला हव्यात. माळावर फांद्या छाटलेली, टोकाला झुपका राहिलेली झाडं दिसली तर बाहेरचा माणूस म्हणेल, जंगलाची वाट लावलीय लोकांनी. ती बहुधा ऐनाची झाडं असतात आणि ती राबासाठी छाटलेली असतात. राब म्हणजे भाताचं रोप जिथे टाकायचं ती जागा पाला-फांद्या-शेण-गवत रचून भाजणं. त्यासाठी लागणारा पाला आणि गवत ज्या उताराच्या जमिनीवरून येतं तिला वरकस म्हणतात. खाचर आणि वरकस हा एकच संसार आहे. एक गेलं की दुसरं लंगडं. फोटोत काळे जळके चौकोन दिसतात, तो वणवा नव्हे, ती पुढच्या पिकाची तयारी.

हा घोळ आजचा नाही, आणि इतिहासाच्या विद्यार्थ्याला इथेच रस वाटायला हवा. १८८२ मध्ये कॅम्बेल यांच्या संपादनाखाली ठाणे जिल्ह्याचं गॅझेटिअर निघालं. त्यात राबाचं वर्णन आहे. त्याच दशकात ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत जंगल खात्याविरुद्ध तक्रारी इतक्या वाढल्या की सरकारला बॉम्बे फॉरेस्ट कमिशन नेमावं लागलं. त्याचं काम १८८५ ते १८८७ चाललं. वादाचा एक मोठा विषय हाच: वरकस जमिनीवरचा पाला कोणाचा, आणि ही जमीन वापरातली की पडीक? याच दशकात तानशाचं काम चालू होतं. म्हणजे इंजिनिअर आपल्या कागदात दरीची साठवण मोजत होते, कमिशन पाला मोजत होतं, आणि दोघांची कागदपत्रं वेगवेगळ्या खात्यांत पडली. तानशाच्या इंजिनिअरचा, डब्ल्यू. जे. बी. क्लर्क यांचा, लेख लंडनच्या इन्स्टिट्यूशन ऑफ सिव्हिल इंजिनिअर्सच्या कार्यवृत्तांत आहे. ही दोन प्रकारची कागदपत्रं एकाच टेबलावर ठेवून वाचणं हे संशोधनाचं काम आहे. एकाच प्रकारची वाचलीत तर तुम्ही इंजिनिअरिंगचा इतिहास लिहाल किंवा जंगलाचा, त्या दरीचा नाही.

आज या सगळ्याचा संबंध थेट पैशांशी येतो. सातबाऱ्यावर ‘पोटखराबा’ नावाचा एक रकाना असतो, लागवडीला योग्य नाही असं धरलेलं क्षेत्र. जमीन संपादनात किंवा थेट खरेदीत जमिनीच्या किमतीबरोबर त्यावरची झाडं, विहीर, घर, गोठा यांचं वेगळं मूल्यांकन होतं. संयुक्त मोजणीच्या दिवशी जे दिसलं आणि पंचनाम्यात आलं ते मोजलं जातं. आता समजा, एखाद्या ठाकर कुटुंबाची वीस गुंठ्यांची खाचरं आणि वर उतारावर दोन एकर वरकस आहे, आणि वरकसावर मोहाची झाडं आहेत, पण कागदावर अर्धं क्षेत्र पोटखराबा. मोजणी मार्चमध्ये. त्यांच्याकडे जुलैचा एक फोटो असेल, ज्यात त्या उतारावर नाचणी उभी दिसते, तर तो फोटो किती कामाचा ठरेल याचा विचार करा. आणि असा फोटो किती घरांत असेल याचाही. लग्नाचे असतात, बारशाचे असतात, मागे चुकून शेत आलेलं असतं. पुष्कळदा तेच एक ‘आधी’.

म्हणून घरातले अल्बम मागा. गंमत म्हणजे त्यात माणसं चौकटीच्या मधोमध असतात आणि भूप्रदेश कडेला, म्हणजे बांधकामाच्या फोटोच्या बरोबर उलटं. नवरा-नवरीच्या मागे पेंढ्याची उडवी, कुडाची भिंत, विजेचा खांब नसलेली वाट. साल लिहिलेलं नसतं, पण लग्न कोणत्या साली झालं हे घरातल्या कुणालाही ठाऊक असतं. तारीख ठरवायला याहून चांगली सोय नाही.

गेल्या दहा वर्षांत फोटोंचा आणखी एक प्रचंड साठा तयार झालाय, ज्याकडे इतिहासकारांचं अजून फारसं लक्ष गेलेलं नाही. घरकुल योजनेत हप्ता मिळवायचा तर बांधकामाच्या टप्प्यांचे अक्षांश-रेखांशासह फोटो चढवावे लागतात. जोतं झालं, फोटो. भिंती आल्या, फोटो. छप्पर पडलं, फोटो. बऱ्याचदा त्यात घरमालकीण स्वतः उभी असते, पदर सावरून, कॅमेऱ्याकडे सरळ बघत. मनरेगाच्या कामांवर १ जानेवारी २०२३ पासून मजुरांची हजेरी दिवसातून दोन वेळा फोटोसह मोबाइल ॲपवर घेणं सक्तीचं झालं. आणि ई-पीक पाहणीमध्ये तर १५ ऑगस्ट २०२१ पासून शेतकरी स्वतःच आपल्या पिकाचा फोटो काढून नोंद करतो.

यातला फरक बघा. घरकुलाचा फोटो हा भोर घाटाच्या फोटोचा नातू आहे: लांब बसलेल्या पैसे देणाऱ्याला पटवायचं. फक्त आता कंत्राटदाराच्या जागी कातकरी बाई उभी आहे आणि पुरावा तिला द्यावा लागतोय. हजेरीच्या फोटोचं काय झालं, तर जुलै २०२५ मध्ये केंद्रीय ग्रामविकास मंत्रालयानंच राज्यांना कळवलं की फोटोचाच फोटो काढून चढवणं, कामाशी संबंध नसलेले फोटो टाकणं, असे प्रकार होताहेत. हे वाचून काही जण म्हणतील, मग असल्या फोटोंचा पुरावा म्हणून काय उपयोग? मला उलट वाटतं. खोटा फोटोही पुरावाच असतो, फक्त वेगळ्या गोष्टीचा. तो कामाबद्दल काही सांगत नसेल, पण काम तपासणाऱ्या यंत्रणेला काय पुरेसं वाटतं हे अचूक सांगतो. आणि पीक पाहणीचा फोटो वेगळा यासाठी, की तो खरिपात काढलेला असतो. जमीन हिरवी असताना सरकारी कागदात शिरलेला फोटो! आपण मघाशी जो कोरड्या ऋतूचा एकतर्फीपणा बघितला, त्यावर हा एक अनपेक्षित उतारा आहे. नेटवर्क नसलेल्या पाड्यांवर तो निघतो का, हा पुढचा प्रश्न, आणि तो तुमच्या फील्डवर्कमध्ये विचारण्यासारखा आहे.

‘पण आता उपग्रहाची चित्रं आहेत ना,’ असं कुणीतरी सेमिनारमध्ये म्हणतंच. आहेत, आणि जरूर वापरा. लँडसॅट मालिकेतला पहिला उपग्रह १९७२ मध्ये गेला, त्याचं सगळं भांडार २००८ पासून फुकट आहे. भातसाचं पाणी कसं पसरत गेलं हे त्यात बघता येतं. पण ठिपक्याचा आकार लक्षात ठेवा. १९८० च्या दशकापासूनच्या लँडसॅटचा एक ठिपका ३० मीटर गुणिले ३० मीटर, म्हणजे साधारण नऊ गुंठे. मघाच्या कुटुंबाची खाचरं त्यात दोन-तीन ठिपक्यांत संपतात. २०१५ पासूनच्या सेंटिनेल-२ चा ठिपका १० मीटरचा, म्हणजे जवळपास एक गुंठा. मोठं काम दिसेल, विहीर दिसणार नाही. शिवाय पावसाळ्यात आपल्याकडे ढग. म्हणजे उपग्रहालाही स्वच्छ दिसतो तो उन्हाळाच. कोरड्या ऋतूचा पक्षपात आकाशातही तुमचा पिच्छा सोडत नाही.

एक गोष्ट मात्र उपग्रहातून आणि जमिनीवरून, दोन्हीकडून निसटते, ती म्हणजे वीटभट्टी. शहराचं बांधकाम म्हटलं की आपण टॉवरचा फोटो काढतो. पण त्या टॉवरच्या भिंतीतली वीट भिवंडी, शहापूर, मुरबाड, वाडा अशा पट्ट्यातल्या भट्ट्यांवरून गेलेली असते. दिवाळीनंतर कातकरी कुटुंबं बयाणा घेऊन भट्टीवर जातात आणि पावसाच्या तोंडाला परततात. तिथे राहायला कच्च्या विटा रचून केलेलं जे खोपटं असतं त्याला भोंगा म्हणतात. विधायक संसदेनं या मुलांसाठी भट्टीवरच शाळा चालवल्या, त्यांचं नावच भोंगाशाळा पडलं. हंगाम संपला की भोंगा मोडतो. इमारतीचा भूप्रदेश आणि भोंग्याचा भूप्रदेश एकाच वेळी घडत असतात, पण पहिल्याचे लाखो फोटो आहेत, दुसऱ्याचे संस्था-संघटनांच्या अहवालांत मोजके. तुम्ही आसनगाव किंवा वासिंदच्या नव्या वसाहतींवर लिहिणार असाल तर निदान एक प्रकरण विटेच्या मागे जाऊन लिहा.

थोडं व्यवहाराचं बोलू, कारण याच गोष्टी कोर्सवर्कमध्ये कोणी सांगत नाही. फोटो सापडला की समोरून बघण्याआधी पाठीमागून बघा. शिक्का, फाइल क्रमांक, पेन्सिलीनं लिहिलेला मैल-फर्लांग, हे फोटोपेक्षा जास्त बोलतं. तो ज्या गठ्ठ्यात सापडला त्यातून एकटाच उचलू नका. आधीचं पत्र आणि नंतरचं बिल यांच्या मधेच त्याचा अर्थ असतो. सरकारी कामांचे अलीकडचे फोटो हवे असतील तर माहिती अधिकारात मागता येतात. २००५ च्या कायद्यात अभिलेखाच्या व्याख्येत प्रतिमाही येतात, आणि कामाची प्रत्यक्ष पाहणी करण्याचा अधिकारही त्यात आहे. हे कलम आपल्याकडे संशोधक फार कमी वापरतात. स्वतः फोटो काढताना मात्र धरणं, रेल्वेपूल, बोगदे इथल्या मनाईच्या पाट्या गांभीर्यानं घ्या. १९२३ च्या शासकीय गुपिते कायद्यात प्रतिबंधित जागा ही तरतूद आहे. कॉलेजचं पत्र आणि संबंधित कार्यालयाची लेखी परवानगी बरोबर ठेवा. मोबाइलमधली मूळ फाइल जशीच्या तशी जपा, व्हॉट्सॲपवरून फिरलेली प्रत वापरू नका, कारण त्यात वेळ आणि जागेची माहिती गळून जाते. तुमचा फोटो उद्या कुणाला कोर्टात लागला तर १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक नोंदीसोबत प्रमाणपत्र द्यावं लागतं. आणि ज्यांचे चेहरे येताहेत त्यांना विचारून घ्या. भट्टीवरच्या माणसाचा चेहरा तुमच्या प्रबंधात छापला गेला तर पुढच्या हंगामात त्याला त्रास होऊ शकतो, तुम्हाला नाही.

गावात जुना फोटो घेऊन जाताना मोबाइलवर दाखवू नका. चांगला मोठा प्रिंट काढा, वर ट्रेसिंग पेपर लावा आणि जमिनीवर ठेवा. मोबाइल एकाच्या हातात राहतो, प्रिंटभोवती चार जण बसतात आणि भांडतात, आणि आपल्याला ते भांडणच हवं असतं. फोटो दाखवून मुलाखत घेण्याच्या या पद्धतीवर जॉन कॉलिअर यांनी १९५७ मध्ये पहिल्यांदा लिहिलं, हवं तर पद्धतीच्या प्रकरणात त्यांचा संदर्भ द्या. पण खरी करामत ट्रेसिंग पेपरची आहे. फोटोत जो निव्वळ माळ दिसतो त्यावर लोक शेतांची नावं घालत जातात. प्रत्येक तुकड्याला नाव असतं, झाडावरून, ओढ्यावरून, कधी मेलेल्या बैलावरून. पेन्सिलीनं ती जागच्या जागी लिहून घ्या. अर्ध्या तासात ओसाड फोटो नावांनी भरतो. मग तीच नावं गाव नकाशा आणि जुन्या फेरफारांशी ताडून बघा. काही जुळतील, काही जुळणार नाहीत. जी जुळणार नाहीत त्यांच्यावर खूण करून ठेवा, पुढचे दोन महिने त्यांच्यातच जाणार आहेत.

शेवटचं, मुरबाडबद्दल. काळू नदीवरच्या धरणाचा प्रश्न तुम्ही ऐकला असेल. महामुंबईच्या पाण्यासाठीचा हा प्रकल्प, त्याला गावकऱ्यांचा आणि श्रमिक मुक्ती संघटनेचा विरोध, आणि २०१२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं कामाला दिलेली स्थगिती. तेव्हापासून प्रकल्प अधूनमधून पुन्हा बातम्यांत येतो. धरण व्हावं की नाही यावर तुमचं-माझं मत काहीही असो, संशोधक म्हणून एक गोष्ट दुर्मीळ आहे: तानशाच्या, मोडकसागरच्या, भातसाच्या बाबतीत जी वेळ निघून गेली ती इथे अजून गेलेली नाही. त्या खोऱ्यातल्या गावांचा ‘आधी’ अजून चालू आहे. पाणी जिथे चढणार असं सांगितलं जातं तिथे उभं राहून, भिंतीच्या जागेकडे बघत, भर पावसात फोटो काढता येतो. राब भाजतानाचा, लावणीचा, झोडणीचा, एकाच जागेवरून, वर्षातून चार वेळा. मुख्य म्हणजे तो तिथल्या एखाद्या कॉलेजला जाणाऱ्या पोरानंच काढला तर सगळ्यात बरं, कारण आपली शिष्यवृत्ती तीन-चार वर्षांत संपते.

लावणी साधारण जुलैत असते. रस्ता निसरडा, एसटी कमी, कॅमेऱ्याला प्लॅस्टिकची पिशवी लागते. गाईडना सांगून ठेवा की त्या महिन्यात प्रकरण मिळणार नाही.